समुद्राकाठच्या बागेतले गोटे

सुलतानपूर

त्या दिवशी समुद्राच्या काठानं चालणारे आमी एवढे जण होतो. मी सोनाबाई, मळ्यावाली. माही शेजारीण गिरजाबाई, जिले गप बसणं जमत नाई. तिची धाकटी जाऊ पारू. किराणा दुकानवाली कौसल्याबाई आन् तिची नणंद शांता. ग्रामसेविका निर्मलाबाई, ज्या हे लिहून राह्यल्या. आन् गडीमाणूस एकच, आमचे शाळेचे गुरुजी, काळी छत्री धरून. सात जण. माह्या मनात मात्र आठवा होता, आन् त्याच्याच पायी मी गेली होती.

निर्मलाबाईनं सांगून ठेवलं होतं, सहल करून आल्यावर जे पाह्यलं ते महिला मंडळात सांगाचं, म्हणजे ज्या आल्या नाई त्यायले बी समजन. चौघी उठून बोलल्या. मी नाई बोलली. मंग बाई माह्या ओट्यावर आल्या आन् म्हणे, "सोनाबाई, तुम्ही बसल्या बसल्या सांगा. जसं बोलता तसंच मी लिहिते." मले सही येते, तेवढीच. साक्षरतेच्या वर्गात तेवढं शिकली. म्हणून बोलणं माहं, अक्षर त्यायचं.

आमच्याकडं पहिले राजधानी म्हणजे नागपूर. मंग आपला महाराष्ट्र झाला आन् गुरुजी शाळेत पोरायले सांगू लागले, आता राजधानी मुंबई. निर्मलाबाई म्हणे, "राजधानी आपली आहे, तर बायकांनी एकदा पाहून यायला नको का?" गावात लय हसले लोकं. कौसल्याबाईचा मालक म्हणे, "राजधानी काय दळण हाय, जाऊन घेऊन येता?" पर बाईनं नेटानं जमवलं. पाच जणी तयार झाल्या. सगळ्यात पहिले नाव म्या देल्लं. लोकायले नवल वाटलं, कारण मेहकरच्या बाजाराशिवाय मी कोठी जात नाई.

काऊन नाव देल्लं ते आता सांगते. त्याबिगर पुढचं समजणार नाई.

माहा एकच पोरगा, महादू. नऊ वर्षं झाले, तो घरून गेला. आमचा भाजीपाल्याचा मळा हाय नाल्याच्या काठी, इहिरीवर मोट. महादू धावेच्या उतारावर बैल हाकलाचा, आन् त्याचा बाप इहिरीच्या तोंडाशी उभा राहून भरली मोट वतून घ्याचा. एका सकाळी मोटेचा नाडा, मोट ओढाचा जाड दोर, तुटला. मोट खाली गेली आन् तिच्या झटक्यानं महादूचा बाप बी गेला. इहिरीले त्या साली पाणी कमी, दगड वरतेच होते.

तेराव्याच्या दिवशी पंगत बसली होती. कोणीतरी इचारलं, नाडा जुना होता काय? म्या सगळ्यायच्या देखत महादूकडं बोट केलं. म्हटलं, "यानं आळस केला. यानं बापाले खाल्लं." तो वाढून राह्यला होता. त्यानं हातातलं वरणाचं बगुणं खाली ठेवलं, हात धुतले आन् गेला. वीस वर्षाचं पोरगं. त्या दिवसापासून तो नाई, त्याची चिठ्ठी बी नाई.

तीन वर्षाखाली धामणगाव बढ्याचा एक मिरचीचा व्यापारी गावात आला. म्हणे, "मावशी, तुमचा महादू मले मुंबईले दिसला. समुद्राजवळ बाग हाय, तठी झाडायले पाणी देऊन राह्यला होता. त्यानं वळख देल्ली. एकच गोष्ट इचारली."

"काय इचारलं?"

"इहिरीवर नाडा नवा हाय का, येवढंच."

व्यापाऱ्याले बागेचं नाव माईत नव्हतं. म्या मनात म्हटलं, मुंबईले समुद्र एकच, त्याच्या काठी बागा असून असून कितल्या असतीन? मले महादूले पाहाचं होतं, आन् माहं ते बोलणं माघारी घ्याचं होतं. येवढ्यासाठी मी गेली. हे गिरजाबाईले माईत होतं, बाकी कोणाले नाई.

पहिला दिवस

मेहकर सुटलं, खामगावले रेल्वेत बसलो, मंग मुंबई. मधलं सोडून देते. गुरुजीच्या वळखीनं एका शाळेची खोली मिळाली, सतरंज्या मिळाल्या. सामान टाकलं आन् उन्हं कलल्यावर समुद्रावर गेलो.

मले वाटलं होतं, आपल्या लोणारच्या तळ्यावानी असन, पलीकडचा काठ दिसन. पलीकडं काईच नव्हतं. पाणी सरलं की आभाळच लागत होतं. आमी साऱ्या एका ओळीत उभ्या राह्यलो, एकमेकीचे हात धरून. मंग गिरजाबाई म्हणे, "येवढं पाणी, आन् एक वाफा भिजवाच्या कामाचं नाई म्हणतात!"

पारूनं खाली जाऊन वंजळभर पाणी तोंडाले लावलं आन् थुकली.

"काय वं, कसं हाय?" शांतानं इचारलं.

"लोणारच्यापक्षा बरं हाय. तिकडच्याले तं वास बी येते."

गुरुजी हसले, निर्मलाबाई हसल्या. मी पाण्याकडं पाहून राह्यली होती. जलमभर पाणी पाह्यलं ते मोटेच्या मापानं. महादू गेल्यावर बैल म्या हाकलले. बाईमाणूस मोट हाकलते म्हणून लोकं बांधावर उभे राहून पाहत. म्या पाहू देल्लं. मंग सोंडेची मोट केली, ती आपली आपण रिकामी होते, इहिरीच्या तोंडाशी कोणाले उभं राहावं लागत नाई. दोन उन्हाळे असे काढले की दिवसाले चारच मोटा निघत. त्यातल्या दोन वांग्याले, एक मिरचीले आन् एक सांबाराले, म्हणजे कोथिंबिरीले. आन् अठी पाणी नुसतं येऊन जाऊन राह्यलं होतं, कोणाले काई काम नसल्यावानी.

लोकायचं बी तसंच. काठानं लांब फरशीचा रस्ता हाय, त्यावर माणसं, बाया, म्हातारे, सारे झपाझप चालून राह्यले होते. हातात पिशवी नाई, डोक्यावर काई नाई. गिरजाबाईनं एका जाड्या शेटजीले थांबवलं.

"काऊन हो भाऊ, कोठी चालले येवढ्या घाईनं?"

"कुठेच नाही. चालायला आलो."

"चालून मंग?"

"मग घरी."

तो गेल्यावर गिरजाबाईनं मले कोपर मारलं. "सोने, याले आपली भाजीची टोपली देऊन मेहकरले पाठव वं. चालणं बी होईन, बाजार बी होईन."

मले मात्र चालताच येऊन राह्यलं नाई. डोक्यावर टोपली नसली की मान कोठी ठेवाव समजत नाई. हात उगाच डोक्याकडं जाये. शेवटी पारू म्हणे, "सोनामावशी, घ्या, हे गाठोडं तरी घ्या." म्या सगळ्यायच्या चादरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, तवा कोठी पाय नीट पडाले लागले.

दुसरा दिवस, पुतळीची बाग

सकाळी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आन् कांदे बांधून घेतले. निर्मलाबाईनं बेत सांगतला. समुद्राच्या काठाकाठानं पायी चालाचं, वाटेत बागा पाहाच्या, चौपाटी पाहाची, आन् टेकडीवरच्या बागेत जाऊन खाली उतराचं. माह्या मनाजोगताच बेत होता. मुद्दाम सांगाव लागलं नाई.

पहिली बाग रस्त्याले लागूनच. हिरवं गवत पाह्यल्याबरोबर कौसल्याबाईले वाटलं, गाईसाठी कापून न्याव. मधात एक हौद, आन् हौदाच्या मधात दगडाची एक बाई, खांद्यावर घागर घेतलेली. घागरीतून पाणी पडून राह्यलं होतं. काम लय नाजूक, बोटं अशी की आता हालतीन. पर अंगावरचं वस्त्र एका खांद्यावरून खाली घसरलेलं. आमी पाचही जणी खाली पाहाले लागलो. गुरुजीनं छत्री तिकडच्या बाजूनं धरली.

गिरजाबाईनं समुद्राची ओटी भराले घरून एक हिरवा खण आणला होता. आमी काई बोलाच्या आत ती हौदाच्या काठावर चढली, खण उलगडला आन् त्या पुतळीच्या उघड्या खांद्यावरून नीट घेऊन खोचला. कुकू बी लावलं.

राखणदार धावत आला. "ओ बाई, खाली उतरा! पुतळा आहे तो!"

"मंग? पुतळी हाय म्हणून उघडी ठेवता? तुह्या घरची असती तं?"

"मी ठेवली का? साहेबांनी बसवली."

निर्मलाबाई मधात पडल्या. "गिरजाबाई, ही कला असते. अंगाची घडण दिसावी म्हणून कारागीर तशी करतो."

"कला राहू द्या ना बाई, म्या कोठी काढली? पदर बी राहू द्या."

राखणदाराले हसू आवरलं नाई. त्यानं इकडं तिकडं पाह्यलं आन् म्हणे, "साहेब संध्याकाळी येतात. तोपर्यंत राहू दे. नंतर काढीन." गिरजाबाई खाली उतरली आन् वळून पुतळीले म्हणे, "बाई, संध्याकाळपर्यंत तरी सुखानं पाणी भर."

आमी हसून राह्यलो होतो, पर माहे डोये माळ्यायवर होते. तिघं होते तठी. एकाच्या हातात रबराची नळी, तो उभ्या उभ्या झाडायवर पाणी मारे. आमच्याकडं पाणी असं मारत नाई, मुळाशी नेतात. दांडातून वाफ्यात, एक वाफा भरला की त्याचं तोंड बांधाचं आन् दुसऱ्याचं खोलाचं. गावातले सारे ते तोंड मातीनं बांधतात, दर वेळी फावड्यानं माती खांदतात आन् थापतात. आमच्या मळ्यात मात्र दुसरी रीत. महादूच्या आज्यापासून हाय. वाफ्याच्या तोंडाशी उजव्या टाचेनं एक खळगा दाबाचा, आन् त्यात चिंधी गुंडाळलेला गोल गोटा बसवाचा. पाणी पायजे तं गोटा सरकवाचा, नोको तं परत बसवाचा. माती खांदाव लागत नाई, बांध फुटत नाई. लोकं आमाले हसत, 'गोटेवाले' म्हणत. म्हणू देल्लं.

म्या त्या नळीवाल्याले इचारलं, "भाऊ, अठी कोणी वऱ्हाडचा महादू नावाचा हाय का?"

"नाही आजी. आम्ही सगळे रत्नागिरीकडचे."

मी पुढं चालाले लागली. गिरजाबाई मांगून आली आन् हळूच म्हणे, "अजून बागा हायेत, सोने."

टेकडीवर

चौपाटीच्या वाळूत पाय भाजले. पारूनं आन् शांतानं भेळ घेतली. मले त्यातला मुरमुरा आवडला, आंबटगोड पाणी नाई आवडलं. मंग चढण. कौसल्याबाई चार जागी बसली आन् दर वेळी म्हणे, "माहा मालक बोलला ते खरंच होतं." पर वर गेल्यावर तिनंच पहिले टाळी वाजवली.

वरची बाग पाहून मी बी थांबली. झाडायचे हत्ती केलेले, बैल केलेले, एक माणूस नांगर धरून चाललेला, तो बी झाडाचा. सारं हिरवं, पान न् पान कापून. एक माळी शिडीवर चढून मोठ्या कैचीनं हत्तीची पाठ सारखी करून राह्यला होता. म्या जवळ जाऊन त्याचं तोंड पाह्यलं. महादू नव्हता.

"भाऊ, हा हत्ती कितल्या दिवसात होते?"

"व्हायला वर्षं लागतात, आजी. पण राखणं अवघड. दर आठ दिवसांनी कापावा लागतो, नाहीतर परत झाड होतं."

हे त्याचं बोलणं माह्या मनात राह्यलं. आमी झाड वाढाव म्हणून मरतो. त्यायले वाढू द्याचं नाई, हेच काम. मले वाटलं, माणसाचं बी असंच करतात. म्या एका दिवशी एक गोष्ट बोलली, आन् मंग नऊ वर्षं दर आठ दिवसांनी कापून तीच ठेवली. पोरानं आळस केला, पोरानं बापाले खाल्लं. थोडीशी बाजूले फांदी फुटली की कैची. नाईतर दुसरं काईतरी उगवलं असतं.

त्याले महादूचं इचारलं. त्यानं शिडीवरून खालच्या दोघायले हाका मारून इचारलं. कोणाले माईत नाई.

तठीच एक दगडाचं घर हाय बुटासारखं, पोरं त्यात चढतात. पारू पोरायच्या मांगं लागून वर गेली आन् खिडकीतून आमाले हाका माराले लागली. गुरुजी म्हणे, "याला म्हातारीचा बूट म्हणतात." गिरजाबाईनं माह्या अनवाणी पायाकडं पाह्यलं. "सोने, तुहाच हाय वं. घाल, आन् चाल घरी." मी बी हसली. त्या दिवसात तेवढीच हसली असन.

गवतावर बसून भाकरी सोडली तं शिट्टी वाजली, अठी बसाचं नाई. मंग भिंतीच्या कडेनं उभ्या उभ्या खाल्लं. खाली समुद्र दिसे. गुरुजीनं दाखवलं, तिकडं समुद्रात भर घालून नवी जमीन करून राह्यले. म्या म्हटलं, जमीन बी नवी करता येते काय? हाव म्हणे, पैसा आन् माणसं असले की करता येते.

खालची बाग

उतरलो तवा उन्हं खाली आली होती. निर्मलाबाई म्हणे, आता परत फिरू, उद्या सकाळची गाडी आहे. बोलून उपयोग नव्हता, कारण बाकीच्यायचे पाय सुजले होते. मनात म्हटलं, सोनाबाई, झालं तुहं पाहून.

रस्त्याच्या कडेले समुद्राकडून एक लहान बाग होती, गुलाबाचे वाफे असलेली. पुतळा नाई, हत्ती नाई, म्हणून कोणी तिकडं पाह्यलं नाई. तठी नळ सुरू होता आन् माणूस कोणी नाई. पहिला वाफा भरून पाणी वरून चाललेलं, पायवाटेवर, रस्त्यावर. गुलाबाच्या मुळाशी पाणी थांबून राह्यलं होतं.

ते मले पाहवलं नाई. बागेचं असो, सरकारचं असो, पाणी असं वाया चाललेलं मले पाहता येत नाई. कुंपणाच्या तारेवरून पाय टाकला, लुगडं वर खोचलं, आन् वाफ्यात उतरली. मांगून निर्मलाबाई वरडल्या, "सोनाबाई! आत जायची मनाई आहे!" म्या ऐकलं, पर हात चिखलात गेले होते. तोंड बांधाले माती चाचपाले गेली, आन् हाताले गोटा लागला.

गोल, गुळगुळीत, समुद्राचा गोटा. त्याले खाकी कापडाची चिंधी गुंडाळलेली. खळग्याच्या बाजूले सरकवून ठेवलेला.

मी तो खळग्यात बसवला. पाणी थांबलं.

मंग दुसऱ्या वाफ्याचं तोंड पाह्यलं. तठी बी गोटा. तिसऱ्याले बी. त्या ओळीत साऱ्या वाफ्यायले गोटे. म्या शेवटचा गोटा काढला आन् त्या खळग्यात माही उजवी टाच ठेवली. खळगा मोठा होता. महादूच्या बापाच्या टाचेएवढा.

शिट्ट्या मारत खाकी कपड्यातला एक माणूस आला. तठचा मुकादम. "ओ आजी, बाहेर व्हा! वाचता येत नाही का, आत जाऊ नये लिहिलंय?"

"नाई येत," म्या म्हटलं. "हे गोटे कोणं बसवले?"

तो थांबला. माह्या चिखलाच्या हाताकडं पाह्यलं, वाफ्याकडं पाह्यलं. "तो वऱ्हाडी होता ना आमच्याकडे, महादेव. त्याची खोड ती. आम्ही सगळे हसायचो. साहेबांनी एकदा सगळे गोटे काढायला लावले. दुसऱ्या दिवशी परत जागच्या जागी! मग साहेबांनीच नाद सोडला. पाणी कमी लागतं म्हणाले."

"होता म्हणता. आता कोठी हाय?"

"गेला. होळीपर्यंत होता. एक जण नव्या बागेच्या कामाला माणसं घेऊन गेला, त्याच्याबरोबर. पुण्याला म्हणाले का नाशिकला, आता ध्यानात नाही." मंग त्यानं इचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

गिरजाबाई तारेच्या पलीकडून म्हणाली, "माय हाय त्याची."

मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली. "मग येऊ दिलं नसतं का मी आत," म्हणे. मले हाताले धरून बांधावर बसवलं आन् पाणी आणून देल्लं. म्हणे, "अबोल माणूस. कधी कुणाशी भांडला नाही. मी एकदा विचारलं, घरी कोण आहे? तर म्हणाला, आई आहे, मळा आहे. मग जात का नाहीस रे? तर म्हणाला, आईनं बोलावलं की जाईन."

सारे माह्याभोवती गोळा झाले होते. कौसल्याबाई, शांता, पारू. गुरुजीनं छत्री माह्या डोक्यावर धरली. म्हणे, "सोनाबाई, चिठ्ठी लिहून ठेवू. मुकादम त्याला पोचवतील, कधी आला तर." त्यायनं खिशातून कागद काढला. "सांगा, काय लिहू?"

मले जे लिहाचं होतं ते तोंडाशी होतं. पर समोर कौसल्याबाई उभी, शांता उभी. गावातल्या बाया. म्या म्हटलं, "लिवा. तुही माय येऊन गेली. तब्येत बरी हाय. मळा सुरू हाय. घरी ये."

"अजून काही?"

"नाई."

मुकादमानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. निघताना म्या त्याले इचारलं, "यातला एक गोटा नेला तं चालन का?"

त्यानं समुद्राकडं तोंड केलं. "बागेतलं काही न्यायची मनाई आहे, आजी," म्हणे. आन् तसाच पाठमोरा उभा राह्यला.

परत आल्यावर

तो गोटा म्या चिंधीसकट आणला आन् इहिरीकडच्या पहिल्या वाफ्याले बसवला. तठी सध्या सांबार हाय. रोज सकाळी तो सरकवते आन् परत बसवते.

रेल्वेत मी डोये मिटून बसली होती. गिरजाबाईले वाटलं, मले झोप लागली. मी त्या चिठ्ठीचा इचार करून राह्यली होती. महादूले म्या घरातून काढलं ते साऱ्या पाहुण्यायच्या देखत, पंगतीत. आन् आता चिठ्ठीत गुपचूप 'घरी ये' लिहून ठेवलं. हे बोलावणं नव्हं. आमच्यात ज्याले चारचौघात बोट दाखवलं, त्याले परत घ्याचं तं ते बी चारचौघात घ्याव लागते. नाईतर तो येईन तवा लोकं त्याच्याकडं पाहतीन, आन् मी खाली पाहीन.

म्हणून आता जे सांगते ते बी लिवा, निर्मलाबाई. हात थांबवू नोका.

नाडा महादूच्या आळसानं तुटला नाई. तुटाच्या आठ दिवस पहिले, जेवताना, महादूनंच म्हटलं होतं, "माय, नाड्याचे पदर उसवून राह्यले, नवा आणतो." आन् म्या म्हटलं, "आता नोको. येत्या बाजाराले वांगे निघतीन, तवा आणू. तवरक चालू दे." त्याच्या बापानं माह्याकडं पाह्यलं आन् पुढचा घास घेतला. घरात माहं चालाचं.

तेराव्याच्या दिवशी कोणीतरी नाड्याचं इचारलं तवा मले ते जेवण आठवलं. भेव वाटलं, आता हा सांगन. म्हणून त्याच्या पहिले मीच बोलली. महादूनं तोंड उघडलं असतं तं खरं बाहेर आलं असतं. त्यानं उघडलं नाई. हातातलं बगुणं खाली ठेवलं आन् हात धुतले. त्याले वाटलं असन, माय आता रांडवली, तिच्यावर हे बी कशाले टाकाव. तो माहं घेऊन गेला. नऊ वर्षं तेच घेऊन लोकायच्या बागायले पाणी देऊन राह्यला.

हे येत्या मंडळात बाई वाचून दाखवतीन. मी समोर बसणार हाय. गुरुजीले सांगतलं, पाटलाले, कौसल्याबाईच्या मालकाले, त्या पंगतीत जे जे होते आन् जिवंत हायेत, त्यायले बी बोलवा. ऐकू द्या.

आन् हे लिवलेलं आणखी कोणाच्या हाती पडलं, तं त्यायले माही एकच इनंती हाय. तुमी कोण्या गावच्या बागेत गेले, पुण्याच्या, नाशकाच्या, कोठीच्या बी, तं फुलं पाहून झाल्यावर जराक खाली वाकून वाफ्याच्या तोंडाशी पाहजा. तठी टाचेचा खळगा असन आन् त्यात चिंधी गुंडाळलेला गोटा असन, तं तो बसवणाऱ्याले सांगजा, इहिरीवर नाडा नवा हाय. जुन्या नाड्याचं खरं तुह्या मायनं साऱ्या गावासमोर सांगतलं. आन् मायनं बोलावलं.